दोन नंबरचं नाव

आमच्या वकील संघाचा सचिव मी झालो, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. अध्यक्षपदासाठी दर खेपेला चढाओढ असायची, पण सचिवपदाचा विषय निघाला की बार रूममधले सगळे एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागायचे. सचिवाने करायचं काय, तर एखादा वकील वारला की शोकठराव लिहायचा, पंखा बंद पडला की बांधकाम खात्याकडे खेटे घालायचे आणि राज्याच्या वकील परिषदेकडून आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची. त्या वर्षी कुणीतरी माझं नाव सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत टाळ्या वाजल्या. बिनविरोध निवड झाली असं लोक अभिमानाने सांगतात. इथे विरोध करायची सोय मलाही ठेवली नव्हती.

नाव सुचवणारे होते अध्यक्ष. फौजदारीतले मोठे वकील, आवाज असा की साक्षीदार पिंजऱ्यात चढायच्या आधीच अर्धा मेलेला असायचा. त्यांनी मलाच का निवडलं हे मला कळायला वर्ष गेलं. मी सकाळी सहा ते नऊ एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना गणित शिकवायचो. ज्याच्या अंगावर वकिलीची सनद आहे त्याने दुसरा धंदा-नोकरी करायची नाही, करायची असेल तर सनद परिषदेकडे ठेवून करायची, हा नियम. म्हणजे मी रोज सकाळी तीन तास नियम मोडत होतो आणि अकरा वाजता कोट घालून तोच कायदा कोर्टात सांगायला उभा राहत होतो. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. न माहीत असायला जागाच नव्हती, कारण निम्म्या वकिलांची पोरं माझ्याकडेच शिकत होती. अध्यक्षांचा मुलगाही होता. अध्यक्ष मला बार रूममध्ये 'सचिव' म्हणायचे आणि स्वतःच्या घरी 'सर'.

मी मूळचा नांदेडचा. वडील तिथल्या कोर्टात बेलीफ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारावर समन्स चिकटवत हिंडले. मुलाच्या अंगावर काळा कोट चढला त्या दिवशी त्यांनी तो स्वतः हाताने झटकला आणि कोर्टाच्या आवारात मला दोन चकरा मारायला लावल्या, ओळखीच्या सगळ्यांनी बघावं म्हणून. मी लातूरला आलो तो भूकंपानंतर. किल्लारीकडच्या गावांत पत्र्याची शेड उभी राहिली होती आणि मदत मिळायला वारस कोण हे कागदावर सिद्ध करावं लागत होतं. कागद तर घराखाली गेलेले. वकिलांनी फुकट अर्ज लिहून द्यायचे असं ठरलं. मी आठ दिवसांसाठी आलो आणि इथलाच झालो.

त्या शेडमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक वकील बाई बसायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, औशाकडची, नवरा शाळेत लिपिक. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ. बाया माझ्यासमोर बसल्या की नुसत्या रडायच्या. तिच्यासमोर बसल्या की सासऱ्याचं नाव, सालगड्याचं नाव, मेलेल्या लेकराचं नाव, सगळं सांगायच्या. ती त्यांचा हात धरून एका हाताने लिहायची. मी रडणाऱ्या बायांना हळूच तिच्या टेबलाकडे पाठवायचो आणि वर स्वतःला हुशार समजायचो. त्या कामात आम्हा दोघांना मदत करायला नांदेडचे एक ज्येष्ठ वकील येऊन राहिले होते. चिखलात महिनाभर राहिले, भाषण एकही केलं नाही.

पुढे शेड गेली, पक्की घरं आली आणि लातुरात क्लासचं पीक आलं. जिथे बघावं तिथे पाट्या. कुठकुठल्या जिल्ह्यांतून पोरं पेट्या घेऊन यायला लागली. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या होत्या त्याने त्यात चार पोरं घातली. मला ज्युनिअर म्हणून मिळत काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. घर चालत होतं ते गणितावर. ताईचं घर चालत होतं डब्यांवर. तिचा नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळला, तेव्हापासून तिने आणि तिच्या नणंदेने मुलींना डबे द्यायला सुरुवात केली. पोरी त्याला 'वकील मॅडमची मेस' म्हणायच्या. तिची स्वतःची मुलगी माझ्या सकाळच्या बॅचला होती, दुसऱ्या बाकावर. हुशार. उत्तर आलं तरी हात वर न करणारी.

आता अध्यक्षांना राज्याच्या परिषदेवर जायचं होतं. त्या निवडणुकीत नुसता शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांच्या नावापुढे पसंतीचे आकडे घालायचे असतात, एक, दोन, तीन असे. खरी किंमत एक नंबरला. आमच्याकडची रीत अशी की जो उमेदवार दारात येईल त्याला 'एक नंबर तुम्हालाच' म्हणायचं. दहा आले तर दहा जणांना म्हणायचं. हे खोटं बोलणं नव्हतं, आलेल्याला पाणी देण्यासारखं होतं. उमेदवारालाही ते माहीत असायचं. तोही हात जोडून पुढच्या टेबलाकडे जायचा.

एका दुपारी अध्यक्ष बार रूममध्ये असेच हात जोडत फिरले. प्रत्येक टेबलावरून तेच उत्तर, हाव साहेब, एक नंबर तुम्हालाच, हाव, हाव. ताईच्या टेबलाशी आले.

ताई म्हणाली, "न्हाई साहेब. माझा एक नंबर नांदेडच्या वकीलसाहेबांना हाय. भूकंपात आले होते त्यांना. तुम्हाला दोन देते."

आजूबाजूचे सगळे पुन्हा आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मला मनातून हसू आलं. अध्यक्ष मात्र मोकळेपणी हसले. "लोकशाही हाय ताई," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी दोन नंबर तोंडावर दिला नव्हता. तिला रीत माहीत नव्हती असं नाही. खरं विचारलं तर खरं सांगावं, एवढीच तिची चूक.

महिनाभरात परिषदेचं पत्र आलं. सनद अंगावर ठेवून दुसरा धंदा करणाऱ्या सभासदांची नावं प्रत्येक संघाने कळवावीत, सचिवाच्या सहीने. अशी पत्रं यायची आणि फायलीत जायची. या वेळी अध्यक्षांनी ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. समोर बसलेल्यांपैकी एकाचं सिमेंटचं दुकान, एकाचा प्लॉटिंगचा धंदा, दोघांची वसतिगृहं, एकाचा पेट्रोल पंप. आणि वाचणारा गणिताचा सर. खरी यादी केली असती तर कोरम भरायला माणसं उरली नसती.

अध्यक्ष म्हणाले, "यादी लई लांब करू नका. जे उघड हाय तेवढंच कळवा. त्या मेसचं तर पोरं रस्त्यावर बोलायलेत."

ताई त्या दिवशी औशाच्या कोर्टात होती. कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. सभेने एकमताने ठरवलं, असं मीच लिहिलं.

संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी मुलाला बोलावून माझ्या पाया पडायला लावलं, बायकोला चहा सांगितला. मी म्हटलं, साहेब, ताईचा नवरा अंथरुणावर आहे. सनद गेली तर तिच्या हातात फक्त डबेच उरतील.

"मग डबे करावेत न्. कोण नको म्हणलं?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तुमचं नाव हाय का यादीत? न्हाई न्. मग कशाला फिकीर करायलाव? वडलांची तब्येत कशी हाय? परवा नांदेडला गेलतो, कोर्टात भेटले. पोरगा सचिव झाला म्हणून सगळ्यांना सांगायले होते."

मी चहा प्यायलो. चांगला होता, हे लिहितानाही लाज वाटते. सचिवपदाचा राजीनामा मी खिशातच नेला होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. "बारावीची परीक्षा होऊ द्या, मग बघू," म्हणाले. कुणाची बारावी ते मला विचारावं लागलं नाही.

तिथून मी ताईकडे गेलो. ओट्यावर डबे मांडलेले, नणंद भाजी वाढत होती, ताई पोळ्या मोजून चार-चार घालत होती. आतल्या खोलीतून नवऱ्याचं खोकणं ऐकू येत होतं. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"खरं हाय तर लिहा," ती म्हणाली. "मी काय नाकारायली का?"

"ताई, मेस नणंदेच्या नावावर आहे असं म्हणा. नियमात बसतं."

"कशाला? कणीक मी मळते. पाटीवर कुणाचं का नाव असंना." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "एकटं माझंच लिहिणार का, भाऊ?"

मी उठलो. दारात तिची मुलगी भेटली, मी क्लासमध्ये दिलेला एक प्रश्न घेऊन. तो मी उभ्या उभ्या सोडवून दिला.

मी शूर नाही. माझ्या हातून जे झालं ते रागाने झालं, आणि राग अध्यक्षांपेक्षा माझ्यावरच जास्त होता. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडे गेलो आणि मजकूर सांगितला. सभासदांची नावे खालीलप्रमाणे. एक, ताईचं नाव, व्यवसाय मेस. टायपिस्ट थांबला. मी म्हटलं, दोन. आणि माझं नाव सांगितलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याचा पुतण्या माझ्याकडे होता. "सर, राहू द्या की," म्हणाला. मी म्हटलं टाइप कर. त्याने केलं. घाईत मी माझ्या नावापुढे व्यवसाय सांगायचा विसरलो. खाली सही केली आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. परत येताना मला फार हलकं वाटत होतं. आता जे व्हायचं ते होईल, सनद जाईल, वडील चार दिवस बोलणार नाहीत, पण या माणसांच्या मुठीतून सुटेन, असं मनात म्हणत होतो.

नोटिसा दोघांनाही आल्या. अध्यक्ष ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही थकलाव." त्यांचा तो हात मला अजून जाणवतो.

शिस्तपालन समिती नांदेडला बसणार होती, तीन सभासदांची. लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटीने गेलो. ताई त्याच गाडीत होती, तीन सीट पुढे. समितीच्या खोलीबाहेर बाकड्यावर वडील बसलेले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलगा परिषदेच्या कामासाठी येणार आहे. त्यांना वाटलं, मी समितीत बसायला आलोय. मी काही सांगायच्या आत पुकारा झाला.

ताईला विचारलं, मेस चालवता का? ती म्हणाली, चालवते. का चालवता? घर चालवायला. नणंदेच्या नावावर आहे का? नावावर कुणाच्याच नाही, पण मीच करते. पाच मिनिटांत संपलं. लिहून घेणाऱ्याला लेखणीही नीट पकडायला वेळ मिळाला नाही.

मग मी. समितीच्या प्रमुखांनी आमच्या संघाचं पत्र पुढे केलं आणि सोबत आमच्या अध्यक्षांचं प्रतिज्ञापत्र. त्यात लिहिलं होतं की यादीत नाव एकच आहे. खाली सचिवाचं नाव सहीसाठी टाइप केलं, टायपिस्टच्या नजरचुकीने त्यापुढे दोन हा आकडा पडला. म्हणूनच त्या नावापुढे कोणताही व्यवसाय लिहिलेला नाही. टायपिस्टचाही जबाब जोडला होता. क्लासच्या मालकाने लिहून दिलं होतं की या नावाचे कुणी शिक्षक आमच्याकडे नाहीत. हजेरीपुस्तकात माझं नाव कधी घातलंच नव्हतं, ते खरं होतं.

मी म्हटलं, साहेब, आकडा चुकून पडलेला नाही. मी शिकवतो. सकाळी सहा ते नऊ.

प्रमुखांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, सहकारी अडचणीत असला की माणूस भावनेच्या भरात काहीही बोलतो. आम्हाला समजतं. पण कागद उलटं सांगतो. तुम्ही शिकवता हे पाहिलेला कुणी आहे?"

मी मागे वळलो. ताई अजून खोलीतच होती.

"तुम्ही यांच्याच गावच्या," त्यांनी तिला विचारलं. "हे क्लास घेतात, तुम्हाला माहीत आहे?"

तिची मुलगी रोज सहा वाजता माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती. तिने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"न्हाई," ताई म्हणाली. "मला ठाऊक न्हाई."

प्रमुखांनी कागद बाजूला सारला. बाहेर येऊन त्यांनी स्वतः वडिलांना सांगितलं, "तुमच्या मुलाचं काही नाही. उगीच नाव आलं होतं." वडिलांना तेव्हा कळलं की मी आरोपी म्हणून आलो होतो. ते उभे राहिले आणि प्रमुखांना हात जोडले, मग दुसऱ्या दोघांना, मग त्यांच्यामागून फायली नेणाऱ्या कारकुनालाही. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस, कुणाकुणाला हात जोडावेत याचा त्यांना हिशोब उरला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, खोटं आहे, मी दोषी आहे. नाही सांगितलं. त्यांना रिक्षात बसवून दिलं.

परतीच्या गाडीत ताईशेजारची सीट मोकळी होती, पण मी मागे जाऊन बसलो. अहमदपूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. ती उतरली नाही, मीही उतरलो नाही. मधल्या सीटवर एक म्हातारी झोपली होती. विचारायचं तर तेव्हाच विचारता आलं असतं. म्हातारी जागी होईल असं मी स्वतःला सांगितलं.

परिषदेची निवडणूक झाली. अध्यक्ष निवडून आले. नांदेडचे वकीलसाहेब पडले. बारावीचा निकालही लागला, अध्यक्षांच्या मुलाला गणितात चांगले मार्क पडले आणि त्यांनी बार रूममध्ये पेढे वाटले. राजीनाम्याचं मी विचारलं. ते म्हणाले, कसला राजीनामा?

मग ताईचा आदेश आला, सचिवाच्या नावाने. सनद दोन वर्षांसाठी निलंबित. सचिवाने संबंधित वकिलास प्रत देऊन पोच घ्यावी आणि सर्व कोर्टांना कळवावं. कोर्टांना मी पत्रं लिहिली. प्रत शिपायाबरोबर पाठवता आली असती, पण ती मी स्वतः घेऊन गेलो. एवढं तरी करावं, असं वाटलं.

ती ओट्यावर भाजी निवडत बसली होती. तिने ओले हात पदराला पुसले, आदेश शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या प्रतीवर 'मिळाली' असं लिहून सही केली. तेव्हा मी विचारलं. ताई, त्या दिवशी तुम्ही न्हाई का म्हणालात? मला वाचवायला का?

"वाचवायला?" ती हसली. खरंच हसली, मला बोचावं म्हणून नाही. "भाऊ, तुमचं नाव लागलं असतं तर तुम्ही सुटला असता. मग मीटिंगीत गप बसलाव त्याचं काही उरलंच नसतं. मी काय तुमची पापं धुवायला बसले का? माझं संपलं. मी मोकळी झाले. तुम्ही बसा तिथंच."

मला राग आला. अजून येतो. त्या रागाला उत्तर मात्र सापडत नाही, कारण ती म्हणाली ते सगळं खरं होतं. मी पोच घडी करून खिशात ठेवली. पायऱ्या उतरताना घड्याळ बघितलं. दुपारी मीटिंग होती, इतिवृत्त मलाच लिहायचं होतं.